उचल आणि फेड

आमच्या इचलकरंजीत दिवाळी आली हे आकाशकंदिलांवरून कळत नाही, कानांवरून कळते. वर्षभर रात्रंदिवस चाललेला मागांचा खडखडाट बोनस वाटून झाला की एकाएकी थांबतो आणि गावभर अशी शांतता पसरते की, पाहुण्याला गाढ झोप लागावी आणि आम्हा गावकऱ्यांची मात्र उडावी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून हा खडखडाट गावाची नाडी होऊन बसला आहे. २०२२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पाट्या बदलल्या. नाडी तीच राहिली.

या शांततेत गाव हिशेबाला बसते. कोणाचे किती येणे, कोणाचे किती देणे, आणि मुख्य म्हणजे कोणाची उचल किती राहिली. मागावरच्या माणसाला 'उचल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. घरात लग्न निघाले, आजारपण आले, की कामगार मालकाकडून आगाऊ रक्कम घेतो. ती पुढे पगारातून थोडी थोडी कापली जाते आणि फिटेपर्यंत कारखाना सोडायचा नाही असा संकेत असतो. मी तेहेतीस वर्षे हायस्कुलात हिशेबनीस कसे व्हावे हे शिकवले. दरवर्षी पहिल्याच महिन्यात मुलांना सांगत असे, "बाळांनो, उचल हातात आली की जमा झाल्यासारखी वाटते, पण ते देणे आहे." मुले मान हालवीत आणि परीक्षेत नेमके उलट लिहीत.

यंदा हा शब्द माझ्यासमोर आला तो मात्र मागाच्या नव्हे, कॉलेजच्या संदर्भात.

आमच्या शेजारी एक खर्चीवाले यंत्रमागधारक राहतात. खर्चीवाला म्हणजे ज्याचा माग स्वतःचा, जागा स्वतःची, कष्ट स्वतःचे. पण सूत व्यापाऱ्याचे आणि विणून झाल्यावर कापडही व्यापाऱ्याचेच. याला मिळायची ती विणाईची मजुरी. आठ माग, त्यांतले दोन बहुधा बंद. या घरातली थोरली मुलगी यंदा वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत इतके चांगले गुण घेऊन बसली की, घरातल्या माणसांना आनंदापेक्षा घोरच अधिक पडला. कारण दारे एकदम दोन उघडली. राज्याच्या यादीतून मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळत होती. आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाकडून, म्हणजे लोक ज्याला एएफएमसी म्हणतात तेथून, चाचणी आणि मुलाखतीचे बोलावणे आले होते.

एका संध्याकाळी नवराबायको दोघेही माझ्या ओट्यावर हजर झाले. मागे भिंतीला टेकून मुलगी.

"सर, ह्यात इचार करण्यासारखं काय हाय?" बापाने सुरुवात केली. "पुण्याला शिकणं फुकट, राहणं फुकट, जेवण फुकट. वर पोरगी ऑफिसर होऊन बाहेर पडणार. मिरजेत काय हाय?"

"मिरजेत आई हाय, तासाभराच्या वाटेवर," आई पदर सावरीत म्हणाली.

दोघांनीही बरोबर बोलायचे ठरवले की तिसऱ्याची पंचाईत होते. मी चष्मा पुसला आणि जुन्या सवयीने वही पुढे ओढली.

पुण्याचे पान आधी काढले. हे महाविद्यालय १९४८ च्या १ मे रोजी स्थापन झाले. आधी तेथे लष्करातल्या डॉक्टरांचे पुढचे शिक्षण होई. बारावीनंतरच्या मुलांना घेऊन एम.बी.बी.एस. शिकवायला सुरुवात झाली ती १९६२ च्या ऑगस्टात. अगदी सुरुवातीच्या तुकड्यांत शिकलेल्या पुनिता अरोरा २००४ साली लेफ्टनंट जनरल झाल्या. भारतीय लष्करात त्या हुद्द्यावर पोहोचलेली ती पहिली स्त्री. याच महाविद्यालयात शिकलेल्या माधुरी कानिटकर २०२० साली त्याच हुद्द्यावर पोहोचल्या. हे सारे मी सांगत असताना बापाची छाती फुगत चालली होती, म्हणून घाईने पुढच्या ओळीवर आलो. अलीकडच्या वर्षांत तेथे दीडशेच्या आत जागा असतात आणि त्यांत मुलींना अवघ्या तीस. तेव्हा बोलावणे आले म्हणजे प्रवेश झाला असे नाही. इंग्रजी व तर्काची चाचणी, मनाची परीक्षा, मुलाखत आणि शेवटी कडक वैद्यकीय तपासणी ही चार दारे ओलांडायची. आणि ओलांडली की सही करायची ती बंधपत्रावर. डॉक्टर झाल्यावर लष्कराच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काम करीन. अल्पसेवा कमिशन मिळाले तरी किमान सात वर्षे, कायम कमिशन मिळाले तर नोकरीचे आयुष्यच. मोडली तर भरपाई लाखांच्या घरात.

"म्हंजे उचल," बाप हळूच म्हणाला.

"उचलच," मी म्हणालो.

मग मिरजेचे पान. तेथे फी आहे. पण २०२४ सालापासून राज्य सरकारने आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले आहे, आणि ही सवलत या घराला लागू होती. राहिला वसतिगृहाचा, खानावळीचा आणि पुस्तकांचा खर्च. तो सोसायचा म्हटले तर सोसता येण्यासारखा. बंधपत्र मिरजेतही आहे. राज्याच्या सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करायची असते. म्हणजे उचल दोन्हीकडे, फरक मुदतीचा. आणि आणखी एक गोष्ट घरात कोणाच्या ध्यानात आली नव्हती. पदवी दोन्हीकडची एकच, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. माधुरीताई कानिटकर २०२१ साली कुलगुरू झाल्या त्या याच विद्यापीठाच्या.

बाप वहीकडे पाहत राहिला. 'फुकट' या एका शब्दावर त्याने जी इमारत उभी केली होती, तिचा पाया दोन ओळींत निघून आला होता. आईच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला. मुलगी अजून काही बोललीच नव्हती. मी तिला म्हणालो, "तू उद्या एकटी ये. तुला एक जुनी गोष्ट सांगायची आहे."

ती गोष्ट माझीच. वाचकांना मी आजवर ती कधी सांगितली नाही, कारण तीत मी फारसा शहाणा दिसत नाही.

१९७३ साली मी कोल्हापूरला कॉलेजात गेलो. १९६३ पासून पाचेक वर्षे कॉलेजात एन.सी.सी. सक्तीची होती, माझ्या वेळी ती पुन्हा ऐच्छिक झाली होती. मला लहानपणापासून दोनच गोष्टींचे वेड, इतिहास आणि वर्दी. ज्या कॉलेजात इतिहास उत्तम शिकवीत, तेथल्या एन.सी.सी.च्या जागा मी पोहोचण्यापूर्वी भरल्या होत्या. दुसऱ्या एका कॉलेजात एन.सी.सी.त जागा होती, पण मला प्रवेश मिळत होता तो फक्त वाणिज्य शाखेला. मी क्षणभरही विचार केला नाही. वर्दी मिळते ना, मग विषय कोणता का असेना! तीन वर्षे पहाटेच्या परेडला मी सर्वांत आधी हजर आणि हिशेबाच्या तासाला सर्वांत मागे. शिबिरे केली, 'सी' प्रमाणपत्र मिळवले आणि १९७६ साली मिरजेला गाडी बदलून बंगळूरच्या निवड मंडळापुढे जाऊन उभा राहिलो.

छातीवर नंबराचे कापड बांधून चार-पाच दिवस काढले. चित्र पाहून गोष्ट लिहा, शब्द दिसताच वाक्य लिहा, फळी आणि दोर घेऊन गटाने अडथळा ओलांडा, मुलाखत द्या. शेवटच्या दिवशी अधिकाऱ्यांच्या पूर्ण मंडळापुढे उभे राहून मिनिटभर बोललो आणि बाहेर आलो. थोड्या वेळाने नंबर वाचले गेले. माझा नव्हता. त्यांचा निर्णय चुकला असे मला तेव्हा वाटले. आज वाटत नाही. सात-आठ जणांचा गट फळी घेऊन अडला असताना मी पुढे होण्याऐवजी हात मागे बांधून सावधान उभा होतो, हे मला स्पष्ट आठवते. परेड उत्तम येत असे ना!

परतीच्या गाडीत कळले की, माझ्या हाती आता उरले आहे ते मला न आवडणाऱ्या विषयाचे पदवीपत्र. कॉलेज निवडताना मी वर्दीचा विचार केला होता, वर्दी न मिळाली तर काय याचा केला नव्हता. त्या पदवीवर नोकरी मिळाली, तेहेतीस वर्षे पगार मिळाला, तक्रार करण्यासारखे काही घडले नाही. पण आजही इतिहासाचे पुस्तक हाती घेतले की, दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखे वाटते.

हे सारे ऐकून घेतल्यावर मुलीला मी म्हणालो, "म्हणून माझे मत मिरज. तेथे तू डॉक्टर होशील, आणि डॉक्टर झाल्यावरही लष्कर हवेसे वाटले, तर बाहेरून शिकलेल्या डॉक्टरांनाही मुलाखत देऊन अल्पसेवा कमिशनवर लष्करात जाता येते. दार बंद होत नाही. आज उचल कशाला घेतेस?"

ती म्हणाली, "आजोबा, मला आठ दिवस द्या."

त्या आठ दिवसांत ती काय करीत होती हे मला मागाहून समजले. ती आईला घेऊन एस.टी.ने सैनिक टाकळीला गेली. शिरोळ तालुक्यातले हे गाव आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथली मुले फौजेत जातात आणि गावाच्या नावातच सैनिक येऊन बसला आहे. तेथे तिच्या आजोळकडचे एक निवृत्त हवालदार राहतात. मुलीने त्यांना विचारले की, पलटणीतला डॉक्टर करतो काय?

म्हाताऱ्याने पायातला जोडा काढून दाखवला. दोन बोटे नव्हती. बर्फातल्या चौकीवर हिमदंश झाला होता. "डॉक्टर साहेब तिकडं पूर्वेचा, पोरगाच होता," ते म्हणाले. "त्याची भाषा मला येत न्हवती, माझी त्याला. रातभर माझं पाय कोमट पाण्यात धरून बसला. पाणी गार झालं की बदलायचा, परत धरायचा. दोन बोटं गेली. आठ त्यानं ठेवली."

नवव्या दिवशी मुलगी माझ्याकडे आली. मी वही काढू लागलो तर म्हणाली, "वही नको. तुमचा हिशेब बरोबर आहे. पण तुमची चूक वेगळी होती आणि माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला वर्दी हवी होती आणि विषय नको होता. मला डॉक्टर तर व्हायचंच आहे. वर्दी मिळाली नाही, तपासणीत नापास झाले, तर मी मिरजेला जाईन आणि रडणार नाही."

"मग मिळाली तरी मिरजेलाच का जात नाहीस? दार पुढे उघडेच आहे."

"दार उघडं असतं म्हणून कोणी आत जातंच असं नाही," ती म्हणाली. "मिरजेत शिकले तर पुढे मोठ्या पदवीची परीक्षा येणार, मग दवाखाना, दवाखान्याचं कर्ज. तेव्हा मला बर्फातल्या चौकीची आठवण राहील असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आज सही केली तर जावंच लागेल. मला तेच हवं आहे."

मी गप्प राहिलो. ती जरा थांबून म्हणाली, "आणि उचलीचं म्हणाल, तर बाबांची उचल मी लहानपणापासून बघतेय. एक फिटली की दुसरी घ्यायची. माग बाबांचा, पण सूत कधी बाबांचं नव्हतं. माझ्या उचलीला मुदत तरी आहे. आणि ती फिटेपर्यंत मी जे शिकेन, ते माझंच राहील ना?"

तेहेतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला उचलीचा धडा इतका नीट समजावून सांगितला नव्हता. मी आजवर उचल किती आणि मुदत किती एवढेच पाहत आलो. फेड कशाने करायची, आणि फेडता फेडता आपण काय होतो, हा रकाना माझ्या वहीत नव्हताच.

दिवाळी अंक घरोघरी वाचला जातो आणि बारावीची मुले घरोघरी असतात, म्हणून येथे थोडी कामाची माहिती नोंदवतो. वर्दीकडे जाणाऱ्या वाटा आज पुष्कळ आहेत. आपल्याच जिल्ह्यातले जनरल एस. पी. पी. थोरात तरुण होते, तेव्हा अधिकारी होऊ पाहणाऱ्याला सातासमुद्रापलीकडे सँडहर्स्टला जावे लागे. डेहराडूनची अकादमी निघाली ती १९३२ साली. आता खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपल्या दाराशी आहे. बारावीनंतर लेखी परीक्षा आणि निवड मंडळ पार केले की, तीन वर्षे शिक्षण, राहणे, जेवण सरकारी खर्चाने. मात्र स्वतःच्या मर्जीने मधेच सोडले तर खर्च भरून द्यावा लागतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही परीक्षा मुलींना खुली केली, २०२२ साली पहिल्या मुली आत गेल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात सतरा जणी शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. दहावीनंतरच तयारी करू पाहणाऱ्या मुलांसाठी राज्य सरकारची सेवापूर्व शिक्षणसंस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, चालते. मुलींसाठी तशीच सोय २०२३ पासून नाशिकला झाली आहे.

आणि माझी जुनी वाटही अजून शाबूत आहे. एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असले आणि पदवीला निम्मे गुण असले, तर भूदलाच्या खास प्रवेशात लेखी परीक्षा माफ होते. निवड मंडळ मात्र कोणालाच माफ नाही. या वाटेने जाणाऱ्याने कॉलेजात फॉर्म भरण्यापूर्वी विचारावे : येथे एन.सी.सी.चा वरिष्ठ विभाग आहे का? भूदलाचा, नौदलाचा की वायुदलाचा? यंदा जागा किती रिकाम्या आहेत? आणि चौथा प्रश्न कॉलेजच्या कचेरीत नव्हे, घरी आरशापुढे उभे राहून विचारावा : वर्दी मिळाली नाही तरी हा विषय घेऊन मला तीन वर्षे सुखाने बसता येईल का? मी तीन प्रश्न विचारले होते. चौथा राहिला.

आमच्या मुलीचे पुढे काय झाले, हे वाचकांना विचारायचे असेल. चाचणी झाली, मुलाखत झाली. तपासणीत दातांचे काहीतरी निघाले, तेव्हा घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. पण ते किरकोळ ठरले. तिने सही केली. वडिलांनीही केली. तेव्हा ते म्हणाले, "सर, आजवर लई उचलीवर अंगठं उठवलेलं बघितलं आमच्या पेठंत. सही करताना हात थरथरला न्हाई असं ह्या येळंला पहिल्यांदाच झालं." चौकात अभिनंदनाचा मोठा फलक लागला. त्यावर तिचा फोटो लहान आणि लावणाऱ्यांचे फोटो मोठे, हे आपल्याकडे चालायचेच.

मला काळजी वाटत नाही असे नाही. सात वर्षांचे ओझे अठराव्या वर्षी समजते का, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. बर्फातल्या त्या चौकीवर बसण्याची वेळ आली, तर आज ओट्यावर बोललेले शब्द तिला आधार देतील की टोचतील, हे मला सांगता येत नाही. मिरजेला गेली असती तरी ती उत्तम डॉक्टर झाली असती, आणि या घराला एक माणूस जवळ राहिले असते. आई आता माझ्याशी थोडी कमी बोलते. मिरजेचे पान मीच काढून दाखवले आणि मीच मिटवले, असे तिला वाटत असावे.

काल संध्याकाळी माग थांबले. एरवी सुताचा केर उडणाऱ्या त्या खोलीत धुतलेल्या फरशीवर पणत्या लागल्या होत्या. मी फराळाला गेलो, तर आई पुण्याला पाठवायचा डबा भरीत होती. चकल्या मोडू नयेत म्हणून तिने डब्याच्या तळाशी घरच्या मागावरच्या कापडाचा एक तुकडा घातला होता. मला पाहून म्हणाली, "सर, सात वर्षं म्हंजे डॉक्टर झाल्यापास्नं मोजायची की आत्तापास्नं?"

"डॉक्टर झाल्यापासून," मी म्हणालो.

तिने बोटांवर काहीतरी मोजले, झाकण घट्ट लावले आणि माझ्यापुढे ताटली ठेवली.